तुमची कवळी आणि आरूचे दात

विहीणबाई, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी उंद्रीच्या विहारात माइक हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला, तेव्हा "फार चांगल्या होत्या" एवढंच बोलून मी तो पुढच्या बाईच्या हातात दिला. लोकांना वाटलं, मला दुःखाने बोलवेना. बोलवत नव्हतंच, पण कशाने ते तुम्हालाच सांगते. माझ्याआधी जो उठला तो एकच बोलत होता, की नातीवर तुमचा केवढा जीव होता आणि नातीचा तुमच्यावर केवढा. नात माझीही आहे. माझ्या संदीपची मुलगी आहे ती. पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसलेल्या मला एकानेही विचारलं नाही, की आरू तुमच्याकडे कशी राहते. तुम्ही फोटोत बसून हार घालून घेत होतात आणि मी खाली सतरंजीवर बसून जळत होते.

गेलेल्या माणसाशी असं बोलू नये म्हणतात. पण तुमच्या जिवंतपणी हे बोलले असते तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असता आणि विषय तिथेच संपवला असता. आता तुम्हाला विषय बदलता येत नाही, म्हणून बोलून घेते.

तुमची बातमी आली तेव्हा आरू माझ्याकडे लोणारला होती. संदीप आणि तुमची प्रज्ञा दोघंही बुलढाण्याला नोकरीवर, त्यामुळे सुट्ट्यांची आपली वाटणी ठरलेली होती, अर्धी सुट्टी माझ्याकडे, अर्धी तुमच्याकडे. सकाळी तुम्ही तुमच्या पिठाच्या गिरणीवर बसला होतात, दळण घ्यायला आलेल्या बाईशी बोलता बोलता तुम्हाला घाम फुटला, आणि चिखलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. सहा वर्षांच्या मुलीला हे जसं सांगता येतं तसं आम्ही सांगितलं. ती रडली, जेवली, खेळली, पुन्हा रडली. पण त्या दिवसापासून तिने दात घासले नाहीत. ब्रश पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेते. बाप रागावला, आई रडली, काही उपयोग झाला नाही. सगळे विधी आटोपून ती दोघं कामावर गेली आणि आरू पुन्हा माझ्याकडे आली, मिटलेल्या ओठांसकट.

यात काय अडकलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला मागे नवी दाढ येते आहे. मेहकरच्या दातांच्या डॉक्टरने मागच्या खेपेला प्रज्ञाला बजावून सांगितलं होतं, की ही दाढ दुधाची नाही, ही आता जन्मभराची, आणि आधीच्या दाढेचं झालं तसं हिचं होऊ देऊ नका. आधीच्या दाढेत सिमेंट भरताना ती जशी ओरडली होती, ते दाराबाहेर आपण दोघींनी मिळून ऐकलं होतं. तेव्हा तुम्ही माझा हात धरला होता आणि मी तो सोडवून घेतला होता. मला वाटलं, तुम्ही हात धरून मला दाखवताय की हे कोणामुळे झालं.

कारण तेव्हा सगळ्यांचे डोळे माझ्या दुकानातल्या बरण्यांकडे लागले होते. स्टँडच्या रस्त्यावर दुकान, बरण्यांत गोळ्या, चॉकलेटं, चिक्की. नात आल्यावर आजी काय बरण्यांना कुलूप लावेल? आमच्या पोरांना आम्ही हेच देत आलो. शिवाय तिचे दुधाचे दात. मी तुम्हाला फोनवर म्हटलंसुद्धा, "पडणारच आहेत ते दात, त्यांची एवढी काय काळजी?" त्यावर तुम्ही काय बोललात ते मला अजून पाठ आहे.

"पडनार हायेत तं पडतीन. पन पडाच्या आधी दुखतात ना वो इहीनबाई. अन् दुखते थे तिले, तुमाले नाई."

मी म्हटलं, लेकराने गोड खायचंच नाही का मग? तुम्ही म्हणालात, "खाऊ द्या ना. जेवनासंगं एकडाव पोटभर खाऊ द्या. दिवसभर गालात गोई धरून फिरू देऊ नका." मी फोन ठेवून दिला. एक तर तुम्ही बरोबर बोलत होता, आणि दुसरं म्हणजे तुम्ही बोलत होता.

हा वाद आपला कधी मिटलाच नाही. मी अजूनही म्हणते की गोळीशिवाय बालपण म्हणजे काही बालपण नव्हे. तुम्ही असता तर मान हलवून "हाव, हाव" म्हणाला असता, आणि तुमच्या त्या दोन हावांचा अर्थ 'नाही' असा होतो हे समजायला मला दोन वर्षं लागली.

प्रज्ञाला बघायला आम्ही उंद्रीला आलो तेव्हाची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. चहा आला, पोहे आले, सगळे बोलले, आणि तुम्ही मात्र तोंडावर पदर धरून कोपऱ्यात. हसायची वेळ आली की पदर आणखी वर. परतीच्या गाडीत मी यांना म्हटलं, मुलगी चांगली आहे पण मुलीची आई फार गर्विष्ठ दिसते. लग्नातही तुम्ही तशाच. फोटो काढणारा "जरा हसा" म्हणाला आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ केलीत. तुमच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आरू पोटात आहे म्हटल्यावर तुम्ही चिखलीला जाऊन कवळी बसवून घेतली. प्रज्ञाला सांगितलं होतं म्हणे, की नातवंडाने मला पहिल्यांदा बोळक्या तोंडाची पाहायला नको.

आता माझं बघा. साठी ओलांडली तरी माझे बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत. ऊस मी अजून दाताने सोलते. मिश्रीच्या वासानेच मला मळमळायचं, म्हणून ती सवय लागली नाही, एवढंच माझं कर्तृत्व. पण अभिमान होता. दातांबद्दल नातीला कोणी काही शिकवायचं तर ते मीच, असा माझा सरळ हिशेब होता. आणि शिकवलं कोणी? ज्या बाईला एक दात नव्हता तिने.

मी पहिल्यांदा तो प्रकार पाहिला तेव्हा आरू चार वर्षांची होती. तिला न्यायला मी मेहकरला गाडी बदलून, पुढे चिखलीला गाडी बदलून उंद्रीला पोचले. संध्याकाळची जेवणं झालेली. तुम्ही मोरीपाशी पाटावर बसलेल्या, समोर पाण्याचं घमेलं, त्यात खाली घडी घातलेला टॉवेल, आणि माझी नात तुमचे दात हातात धरून साबणाच्या पाण्याने घासत होती. आतली बाजू, बाहेरची बाजू, मग चावायची बाजू, सगळं मन लावून. मधेच वर धरून उजेडात पाहिलं आणि म्हणाली, "आजी, अठी पालक अडकला."

"काढ माय," तुम्ही बोळक्या तोंडाने म्हणालात. "अन् तुह्या दातात काय अडकलं थे कोन पाहीन?"

"तू पाय."

मग तिने तुमची कवळी तुमच्या तोंडात बसवली आणि आपला ब्रश घेतला. हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेस्ट, त्याहून जास्त तुम्ही लावू दिली नाही. तुमचे दात जसे घासले तसेच तिला स्वतःचे घासायचे होते, नाहीतर उद्या कवळी मिळणार नाही, ही तुमची अट. तिचं झाल्यावर तुम्ही ब्रश हातात घेतलात, म्हणालात, "मी नुसती पाहून घेतो," आणि पाहून घेतो म्हणत म्हणत मागच्या दाढा पुन्हा घासून काढल्या. लेकराचा हात मागपर्यंत पोचत नाही म्हणून. तिला वाटलं आजी फक्त बघते आहे.

मी तिथेच दारात उभी राहून म्हटलं, "लेकराच्या हातात तोंडातली कवळी देता? किळस नाही वाटत तुम्हाला?"

तुम्हाला राग यायला हवा होता. निदान तेवढं तरी समाधान मला मिळालं असतं. पण तुम्ही नुकतेच घासलेले दात दाखवून हसलात. "इहीनबाई, तुमीबी काहाडून घ्या. चिखलीचा डॉक्टर ओळखीचा हाय माह्या. दोघीचे घासून देईन पोट्टी."

लोणारला परत आल्यावर दुसऱ्या सकाळी आरू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात पसरला आणि म्हणाली, "आजी, तुझे दात काढ. मी घासून देते."

"माझे निघत नाहीत बाळा."

"काऊन?"

"पक्के आहेत. हे बघ." मी तोंड उघडून दाखवलं. एक खारीक उचलून कुडुमकन चावूनही दाखवली. लहानपणी संदीप यावर टाळ्या वाजवायचा. आरूने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. तिला माझी कीव आली होती. "मंग तुले कोनीच नाई घासून देत?" असं म्हणून तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

त्यानंतर मी काय काय केलं ते ऐका आणि खुशाल हसा. संदीपकडून ऑनलाइन ब्रश मागवला, दिवे लागणारा, गाणं म्हणणारा. दोन दिवस तिने त्याने बाहुलीचे केस विंचरले. भिंतीवर चित्रं लावली. मी स्वतः तिच्याशेजारी उभी राहून फेस काढत घासून दाखवलं, तर म्हणाली, "गिरनीवाल्या आजीसारखं कर ना." एकदा आरशासमोर उभी राहून मी खरोखर विचार केला, की वरचे पुढचे चार काढून टाकले तर काय बिघडेल. चांगल्या दातांवर पाणी सोडायला निघालेली माझ्यासारखी बाई अख्ख्या जिल्ह्यात नसेल. तुमच्यामुळे मी त्या थराला गेले होते.

आणि वरून आपले ते फोन. मी करायची, "आज आरूने माझ्या हातची भाकर दोनदा मागितली बरं का." तुम्ही करायच्या, "आज पोट्टी मले सोडून तुमच्या व्याह्यासंगंबी झोपाले तयार नाई." कोणाकडे ती किती जेवली, कोणाकडे किती शेफारली, कोणाकडे येताना रडली. माझ्याकडे सांगायला पुष्कळ असायचं. पण आरू माझ्याकडे आपणहून दात घासते, हे मला तुम्हाला एकदाही सांगता आलं नाही. त्याच्यासाठी मला रोज तिच्यामागे ब्रश घेऊन दुकानभर फिरावं लागायचं, गिऱ्हाइकांसमोर.

एकदा तुम्ही लोणारला आलात. दुपारी दुकानात गर्दी नव्हती, आरू आत झोपली होती. मी पुन्हा तोच किळसेचा विषय काढला. त्या दिवशी तुम्ही हसला नाहीत. बरण्यांशेजारच्या स्टुलावर बसून बोललात.

"माही माय मिश्री लावे. तवा गरम करून तंबाखू भाजे, अन् बोटानं दाताले लावत बसे. मी आरूएवढी असीन. मीबी डबीत बोट घातलं अन् लावलं. मले चक्कर आली, अन् सारे हासले. पोट्टी मायवानी करते म्हनून हासले. कोनी डबी नाई हिसकली. मंग लागलीच थे सवय, अन् गेले दात. माह्या मायच्या मनात काई वाईट नव्हतं वो. मी पाह्यलं, मी केलं." मग बरणीचं झाकण घट्ट लावत म्हणालात, "पोट्टी मले पाहून करनारच हाय. मंग तिनं काय पाहाव, एवढं तं माह्या हाती हाय ना."

मी उठून चहा केला. मनात मात्र मी तेव्हाही म्हटलं, की ही बाई दात गमावूनही माझ्या पुढे गेली. तुम्हाला तेव्हा जवळ घ्यायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मला चहा करता आला, तो केला. तुमच्या चहात तुम्हाला लागते तशी साखर कमी घातली, हे तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही मान हलवली होती.

आता तीन दिवसांमागचं सांगते. आरूने तुमच्या घरी फोन लावून व्याह्यांकडे कवळी मागितली. मला न विचारता. व्याही दुसऱ्याच दिवशी आले, कापडी पिशवीत कवळीची पांढरी डबी घेऊन. तुम्हाला चिखलीला नेताना कोणीतरी तुमच्या तोंडातली कवळी काढून त्यांच्या खिशात ठेवली होती, आणि नंतर काय करायचं ते त्यांना सुचलं नाही. विहारात कोणाला विचारणार, की हिचं काय करतात? "पोट्टीनं मांगतली," एवढंच मला म्हणाले. "मी काय करू ठेवून? रोज उघडून पाह्यतो फक्त."

मला वाटलं, आता ही डबी मी लपवून ठेवावी. खोटं कशाला बोलू. तुम्ही गेल्यावरही तुमचे दात माझ्या घरी राहायला आले, हे मला सहन होईना. पण आरूने पिशवी ओळखली होती.

तिने स्वतःच घमेलं घेतलं, टॉवेलची घडी घातली, पाणी ओतलं, साबण कालवला. मोरीपाशी पाट मांडला. पाटावर ती बसली नाही, तो रिकामाच ठेवला. आतली बाजू, बाहेरची बाजू, चावायची बाजू. उजेडात धरून पाहिलं. काही अडकलेलं नव्हतं. तरी तिने पुन्हा एकदा घासली. मग स्वच्छ पाण्याने धुतली, पुसली, आणि दोन्ही हातांत धरून उभी राहिली. आधी पाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता कोनाच्या तोंडात लावू?"

व्याही उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. स्टँडकडून गाड्या येत होत्या. तुम्ही असता तर तुम्हाला उत्तर आलं असतं, हेही त्या क्षणी मनात आलं, आणि तुमचा राग आला. एवढं सगळं शिकवलंत आणि हे शिकवायच्या आधी निघून गेलात.

मी त्या पाटावर जाऊन बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. कवळी तिच्या हातातून घेऊन डबीत ठेवली. मग माझा ब्रश तिच्या हातात दिला आणि तोंड उघडलं.

मग एक हात माझ्या हनुवटीला लावून तिने सुरुवात केली. आतली बाजू, बाहेरची बाजू. किती हळू घासते हो ती. मला कोणी दात घासून दिल्याचं आठवत नाही, आईनेसुद्धा दिले नसतील, आम्ही सात भावंडं. घासता घासता ती मागे पोचली आणि थांबली. "आजी, तुही दाढ काळी पडली. तुले मालूम नाई?"

मला मालूम नव्हतं. बत्तिसांचा एवढा तोरा मिरवला आणि मागची दाढ काळी. मी तोंडात फेस घेऊन मान हलवली. "उद्या डॉक्टरकडे जाजो," ती म्हणाली. थेट तुमचा आवाज होता तो. माझ्या घरात, माझ्या मोरीत, माझ्या तोंडात ब्रश घालून ती तुमच्या आवाजात मला दटावत होती.

मग तिने स्वतःचा ब्रश घेतला. हरभऱ्याएवढी पेस्ट. घासले तिने, विहीणबाई. कोणी सांगितलं नाही, कोणी मागे लागलं नाही. झाल्यावर स्वतःहून माझ्यासमोर येऊन तोंड उघडलं, आणि मी म्हटलं, मी नुसती पाहून घेते. नवी दाढ अर्धी वर आली आहे. पांढरीशुभ्र आहे, खाचा अजून कोवळ्या आहेत. मी तिच्यावरून ब्रश फिरवला. तुम्ही ती पाहिली नाही आणि मी पाहिली. एवढी एकच गोष्ट माझी झाली, तीही तुमच्यामुळे, त्यामुळे मला धड आनंदही घेता आला नाही.

व्याही जेवून संध्याकाळच्या गाडीने गेले. डबी त्यांनी मागितली नाही. आरूने ती तिच्या खणात ठेवली आहे, ब्रशाच्या ग्लासाशेजारी. काल सकाळी घासले, रात्री घासले, आज सकाळीही. आधी तुमचे, मग माझे, मग तिचे. मोरीत आमचा अर्धा तास जातो आणि गिऱ्हाइकं बाहेरून हाका मारतात.

आज तिने तुमची डबी बंद करता करता मला विचारलं, "आजी, तू मेल्यावर मले तुझे दात देशील?"

मी म्हटलं, माझे निघत नाहीत बाळा, ते माझ्यासोबतच जातील. तिने डबी खणात ठेवली. "मंग राहू दे," म्हणाली आणि खेळायला पळाली.

तेव्हापासून मी इथे गल्ल्यामागे बसले आहे आणि तुमच्यावर जळते आहे. सगळ्यांना दाखवत आले ते माझे दात एक दिवस माझ्याबरोबर जळून जातील. तुमचे प्लास्टिकचे, चिखलीहून बसवून आणलेले, ते ही पोरगी रोज सकाळी धुऊन ठेवेल.